नॉर्थ डकोटातले पात्र मतदार : ५३ काउंट्यांच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

विषय एकदाचा ठरला. इथे फार्गोच्या विद्यापीठात जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या, वर्गात प्रत्येक जोडीने सेमिस्टर संपेपर्यंत एक नकाशा आणि त्यामागचं काम दाखवायचं आहे. आम्ही घेतलं : अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याच्या ५३ काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मत देण्यास पात्र माणसं किती. सोपा वाटला म्हणूनच घेतला, खोटं कशाला बोलू. राज्याची सगळी मिळून लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ७,७९,०९४. आपल्या एकट्या सिंधुदुर्गात २०११ साली ८,४९,६५१ माणसं होती. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे डेटा थोडका आणि नकाशा ऐसपैस.

माझा हिशोब असा होता : मतदार यादी उतरवून घ्यायची, काउंटीप्रमाणे मोजायची, रंग भरायचे. दोन शनिवारांचं काम. पार्टनरला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. तो इथलाच, मॅकिन्टॉश काउंटीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. म्हणाला, यादी कुठली? या राज्यात मतदार नोंदणीच नाही.

खरंच नाही. १९५१ साली रद्द केली, ती केलीच. देशात असं हे एकमेव राज्य. वय १८ पूर्ण, नागरिकत्व, मतदान केंद्राच्या हद्दीत ३० दिवस वास्तव्य, आणि पत्ता असलेलं ओळखपत्र. एवढं घेऊन जा आणि मत द्या. मत दिलं की नाव ‘सेंट्रल व्होटर फाइल’मध्ये जातं. पण त्या फाइलवरून कोण येऊन गेलं ते कळतं, कोण येऊ शकतं ते नाही. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यातूनही हे राज्य याच कारणाने वगळलेलं आहे.

थोडक्यात, आमच्या प्रकल्पाचा मुख्य आकडा कुणी मोजलेलाच नाही. राज्याचं निवडणूक खातंसुद्धा मतदानाची टक्केवारी काढताना जनगणनेवरून केलेला अंदाजच छेदात घालतं. आम्हालाही तेच करावं लागणार.

१० सप्टेंबर

आईला फोन. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि गेली बरीच वर्षं आमच्या भागाची बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारी. मतदार यादी या विषयावर तिच्याइतकं अधिकाराने बोलणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. सांगितलं, इथे यादीच नसते.

“यादी नाही? मग दुबार नावं कोण शोधतं? मयत कोण कमी करतं?”

“कुणीच नाही. कमी करायला आधी नाव तर हवं.”

थोडा वेळ ती गप्प. मग म्हणाली, “अगं, मग बरंय की. मला तिकडे बदली मिळते का बघ.”

नंतर गंभीरपणे तिने एक प्रश्न विचारला, तो लिहून ठेवते, कारण प्रकल्पाचा प्रश्न तोच आहे : “यादी नसली तर एखाद्या गावात मतदान कमी झालं की जास्त, हे कशावरून म्हणायचं?”

आपल्याकडे उलटी गंमत आहे. यादी दर वर्षी ताजी होते, जनगणना मात्र अजून २०११ ची. इथे जनगणना ताजी, आणि यादीचा पत्ता नाही. भागाकार दोन्हीकडे अडतो, फक्त वेगवेगळ्या बाजूला.

१४ सप्टेंबर, शनिवार

डेटा उतरवला. सेन्सस ब्युरो, म्हणजे इथलं जनगणना खातं, एक खास तक्ता काढतं, सीव्हीएपी नावाचा : नागरिक असलेली, मतदानाच्या वयाची लोकसंख्या. १९६५ च्या मताधिकार कायद्याखालच्या खटल्यांसाठी न्याय खात्याला तो लागतो. पण तो खुद्द जनगणनेतून येत नाही. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्व विचारलंच नव्हतं. ते विचारतात अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमध्ये, जो वर्षाला देशभरातल्या साधारण ३५ लाख पत्त्यांवर जातो. लहान काउंट्यांसाठी पाच वर्षांची उत्तरं एकत्र करतात. आम्ही घेतला तो संच २०१८ ते २०२२ चा.

पायथनने (आम्ही वापरतो ती प्रोग्रॅमिंगची भाषा) फाइल उघडायलाच नकार दिला. एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीची, चूक. तासभर डोकं खाजवल्यावर दोषी सापडला, न्यू मेक्सिकोतली दोन्या आना काउंटी. तिच्या नावात ‘न’वर नागमोडी रेघ असलेलं स्पॅनिश अक्षर आहे आणि फाइल यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत नाही. मला हवा नॉर्थ डकोटा, अडवते न्यू मेक्सिको. लॅटिन-१ ही दुसरी पद्धत सांगितल्यावर गुपचूप उघडली.

मग दुसरा धक्का. राज्याची बेरीज केली तर पात्र मतदार लोकसंख्येच्या दुपटीच्याही पुढे. प्रत्येक काउंटीच्या एक नाही, तेरा ओळी असतात : पहिली एकूण, दुसरी ‘हिस्पॅनिक नसलेले’, तिसरीपासून बारावीपर्यंत वंशवार फोड, तेरावी हिस्पॅनिक. मी ६८९ च्या ६८९ ओळी बेरजेत घातल्या होत्या. म्हणजे जवळजवळ प्रत्येक माणूस तीनदा मोजला. आईने ऐकलं असतं तर म्हणाली असती, दुबार नाही, तिबार!

आता फक्त पहिली ओळ ठेवली. ५३ ओळी. हायसं वाटलं.

१५ सप्टेंबर

नकाशाच्या फाइलशी जोडणी. पहिल्यांदा नावावरून जोडली तर ५२ जुळल्या, एक पांढरी राहिली. लमूर. एका फाइलीत ‘ल’ आणि ‘मूर’ वेगळे, दुसरीत एकत्र. नावावरून जॉइन करू नये हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, पण शिकवलेलं आणि भोगलेलं यात फरक असतो.

कोडवरून केलं. राज्याचा कोड ३८, आणि काउंट्यांचे कोड सगळे विषम : अॅडम्स ००१, बार्न्स ००३, असं करत शेवटी विल्यम्स १०५. वर्णानुक्रमात मध्ये जागा सोडलेल्या, पुढेमागे नवी काउंटी निघाली तर घुसवायला. १ ते १०५ मधले विषम आकडे बरोबर ५३. एक्सेलने ००१ चा १ केला होताच, तो परत ००१ केला.

२१ सप्टेंबर

आज नुसती लोकसंख्या बघत बसले. कॅस काउंटी, म्हणजे आमचं फार्गो : १,८४,५२५. बर्ली (बिस्मार्क ही राजधानी) : ९८,४५८. ग्रँड फोर्क्स : ७३,१७०. वॉर्ड (मायनॉट) : ६९,९१९. चौघींची बेरीज ४,२६,०७२, म्हणजे राज्याचे जवळजवळ ५५ टक्के. उरलेल्या ४९ काउंट्यांत बाकीचे. सगळ्यात शेवटी नैऋत्य कोपऱ्यातली स्लोप, ७०६ माणसं. तिचं मुख्य गाव अॅमिडॉन, तिथे २४. चोवीस हजार नव्हे, चोवीस. आमच्या वाड्यातल्या हळदीकुंकवाला याहून जास्त बायका येतात.

गंमत म्हणजे हे राज्य कायम असं नव्हतं. १९३० साली इथे ६,८०,८४५ माणसं होती. २०१० साली ६,७२,५९१. ऐंशी वर्षांत वाढ तर नाहीच, उलट आठ हजारांनी कमी. शेतं मोठी झाली, यंत्रं आली, माणसं शहराकडे किंवा राज्याबाहेर गेली. काउंट्यांच्या सीमा मात्र घोड्यागाडीच्या काळातल्या, जशाच्या तशा. म्हणून आज ७०६ माणसांनाही स्वतःचं कोर्टहाउस आहे आणि स्वतःचा ऑडिटर, जो इथे निवडणुकाही चालवतो.

२८ सप्टेंबर

स्लोपमध्ये अडकले.

सीव्हीएपीच्या प्रत्येक आकड्याशेजारी दुसरा आकडा असतो, चुकीची मर्यादा, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते. ९० टक्के खात्रीची. कॅससाठी ती इतकी किरकोळ की डोळेझाक चालते. स्लोपला चालत नाही. समजा अंदाज ५३० आणि मर्यादा अधिक-उणे ९० (हे आकडे समजण्यापुरते, खरे नाहीत). समजा मतं पडली ४००. मग खरे पात्र मतदार ६२० असतील तर मतदान ६५ टक्क्यांच्या आत, आणि ४४० असतील तर ९१ टक्के. एकाच गावाला आळशी म्हणा नाहीतर कर्तव्यदक्ष, दोन्ही त्याच तक्त्यावरून सिद्ध.

त्यात आकडे गोल केलेले. आठ किंवा त्याहून मोठा आकडा जवळच्या पाचाच्या पटीत. एक ते सात असेल तर सरसकट चार. गोपनीयतेसाठी. मोठ्या काउंटीत याने काही बिघडत नाही. जिथे एकेक घर ओळखीचं तिथे चार म्हणजे एक कुटुंब.

पार्टनरचं म्हणणं, लहान काउंट्या एकत्र करून टाकू, अंदाजाच्या मानाने चुकीची मर्यादा खाली येते. मर्यादांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की दिसतंच ते. मी नको म्हटलं. स्लोपचा ऑडिटर त्याच्या काउंटीपुरताच विचार करतो, शेजारची मिसळून नाही. वाद अर्धवट राहिला. तात्पुरतं ठरलं : ज्या काउंटीत मर्यादा अंदाजाच्या मानाने फार मोठी, तिच्यावर तिरप्या रेघा.

५ ऑक्टोबर

आज नागरिक नसलेल्यांची वजाबाकी तपासली. आम्ही तीन रकाने शेजारीशेजारी मांडले : एकूण माणसं, प्रौढ माणसं, प्रौढ नागरिक. कॅस काउंटीच्या ओळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातला फरक डोळ्यांत भरतो. हा फरक म्हणजे कोण? विद्यापीठातले आम्ही परदेशी विद्यार्थी, इस्पितळांत आणि कंपन्यांत व्हिसावर आलेले, आणि फार्गोत वसवलेल्या निर्वासितांपैकी ज्यांचं नागरिकत्व अजून व्हायचंय ते. बोस्नियन, सोमाली, इराकी, भूतानमधले नेपाळी. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले काका भूतानी-नेपाळी छावणीतून आलेत. गेल्या वर्षी नागरिक झाले. म्हणजे तिसऱ्या रकान्यात गेले, पण आमच्या डेटात नाहीत, कारण आमचा डेटा २०२२ ला संपतो. पाच वर्षांची सरासरी म्हणजे पाच वर्षांतल्या कुठल्याच दिवसाचा फोटो नव्हे.

मी २०२१ च्या ऑगस्टात आले. म्हणजे तत्त्वतः दुसऱ्या रकान्यात मी आहे, तिसऱ्यात नाही. पायथनच्या ज्या ओळीने एका रकान्यातून दुसरा वजा होतो ती मीच लिहिलेली. वाईट वाटलं असं नाही, नियम नियमाच्या जागी बरोबर आहे. पण स्वतःला वजा करायला सेमीकोलनही लागत नाही, हे जाणवलं.

जाता जाता : २०१८ साली इथल्या मतदारांनी राज्यघटनेतला एक शब्द बदलला. पूर्वी होतं, ‘प्रत्येक नागरिक’ मतदार. आता ‘फक्त नागरिक’ मतदार. प्रत्यक्षात कुणाचाच हक्क त्याने वाढला-घटला नाही. तरी ‘प्रत्येक’ आणि ‘फक्त’ या दोन शब्दांची तोंडं किती वेगळ्या दिशांना आहेत.

१२ ऑक्टोबर

सीव्हीएपी म्हणजे पात्र मतदार नव्हेत. प्रौढ नागरिक असूनही मत न देऊ शकणारे असतातच. पार्टनर आणि मी फळ्यावर ‘माणूस मोजला कुठे, मत कुठे’ असा तक्ता मांडला.

कैदी. गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगत तुरुंगात असेपर्यंत इथे मत नाही, सुटला की लगेच आहे. जनगणना मात्र कैद्याला तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते. त्यामुळे राज्याच्या मुख्य तुरुंगाने बर्ली काउंटी फुगते, जेम्सटाउनच्या तुरुंगाने स्टट्समन. बर्लीत ते पचून जातं. पण २०२० च्या जनगणनेवेळी बायकांचा तुरुंग होता हेटिंगर काउंटीतल्या न्यू इंग्लंड नावाच्या गावात. अडीच हजारांच्या आसपास वस्तीची काउंटी! तिथे तुरुंगातल्या बायका वजा केल्या की टक्केवारी हलते. आम्ही ‘ग्रुप क्वार्टर्स’चा, म्हणजे तुरुंग-वसतिगृहांसारख्या सामूहिक निवासांचा, तक्ता घेऊन प्रौढ कैद्यांचा रकाना वजा केला. अगदी काटेकोर नाही, कारण २०२० च्या आकड्यांमध्ये गोपनीयतेसाठी मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली आहे. राज्याची एकूण बेरीज तेवढी तंतोतंत, खाली काउंटीपासून थोडं इकडेतिकडे.

सैनिक. मायनॉटचा हवाईतळ वॉर्ड काउंटीत. बी-५२ विमानं आणि मिनिटमन क्षेपणास्त्रं, दोन्ही तिथे. माणसं राहतात तिथे, मोजली जातात तिथे, पण कित्येकांचं मत टेक्सास नाहीतर ओहायोत, पोस्टाने. यांचं काय करायचं? कुठलाही तक्ता सांगत नाही. टीप देऊन सोडलं.

विद्यार्थी. इथे पार्टनर एकदम म्हणाला, “मीच की.” तो डॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, राहतो, म्हणून मोजला जातो कॅसमध्ये. त्याच्या ओळखपत्रावर पत्ता घरचा, म्हणून मत देतो मॅकिन्टॉशमध्ये, पोस्टाने. वर्गातली निम्मी मुलं तर रेड नदीपलीकडची, मिनेसोटाची. नदी ओलांडली की राज्य बदलतं, आणि मतही.

म्हणजे आमची जोडी बघा. दोघंही कॅसमध्ये मोजलेले, आणि कॅसमध्ये मत देणारं एकही नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सू काउंटी. आजचा पूर्ण दिवस तिथेच गेला आणि उद्याचाही जाईल.

लोकसंख्या ३,८९८. पूर्ण काउंटी स्टँडिंग रॉक या मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशाच्या आत. मुख्य गाव फोर्ट येट्स. आमच्या नकाशात पात्र मतदारांचं प्रमाण इथे खूप खाली दिसतं, आणि पहिल्यांदा बघणारा काहीतरी भलताच अर्थ काढेल. कारण साधं आहे : तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं अठराच्या आतली. नागरिकत्वाचा प्रश्नच नाही, मूळनिवासींना १९२४ च्या कायद्याने ते आहे. लेकुरवाळी काउंटी, एवढंच. पार्टनरची मॅकिन्टॉश याच्या दुसऱ्या टोकाला : २,५३० माणसं, देशातल्या अतिवृद्ध काउंट्यांपैकी एक, रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांचे वंशज. तिथे मुलं थोडी, म्हणून पात्रतेचं प्रमाण उंच. तो म्हणतो, आमच्याकडे सगळे पात्र आहेत, फक्त चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत.

पण सू काउंटीत वयाच्या पलीकडेही एक गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ओळखपत्रावर राहत्या घराचा पत्ता हवा, पोस्टाची पेटी चालणार नाही, असा नियम इथे आला. राखीव प्रदेशात कितीतरी घरांना रस्त्याचं नाव नाही, नंबर नाही. टपाल घरी येत नाही, पेटी घ्यावी लागते, म्हणून ओळखपत्रावरही पेटीच. माणूस प्रौढ, नागरिक, जन्मापासून तिथला. पात्र? कायद्याने हो, टेबलापाशी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम त्या निवडणुकीपुरता रोखायला नकार दिला, मतदान महिन्यावर आलेलं असताना. जमातींनी मग स्वतःच पत्ते नेमून ओळखपत्रं छापायचा सपाटा लावला. रोलेट काउंटीतल्या टर्टल माउंटन जमातीकडे तर कार्डं छापणारं यंत्र तापून बसलं, अशा तेव्हाच्या बातम्या आहेत. आणि हे सगळं कशाच्या पार्श्वभूमीवर, तर २०१२ ची सिनेटची जागा डेमोक्रॅट पक्षाच्या हायडी हाइटकँप यांनी २,९३६ मतांनी जिंकली होती, मूळनिवासींच्या मतांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. २०१८ ला त्या हरल्या, आणि चांगल्याच फरकाने. तेव्हा एका नियमानेच निकाल फिरला असं म्हणता येत नाही. पण नियम कुणाच्या दारात जाऊन उभा राहिला, ते दिसतं.

२०२० मध्ये राज्य आणि जमातींमध्ये तडजोड झाली. त्यातली एक तरतूद मला फार आवडली : पत्ता नसेल तर मतदाराने नकाशावर आपलं घर दाखवायचं. पत्ता शोधून देणं मग सरकारी यंत्रणेचं काम. जीआयएसच्या पोरांना याहून चांगली बातमी काय!

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “यात नवीन काय? आमच्या वस्त्यांना कुठे घर नंबर असतात? मी लिहिते, ओढ्याच्या पलीकडे, चिंचेजवळ.” खरंच लिहिते, तिच्या वहीत पाहिलंय मी.

२० ऑक्टोबर

अजून सू आणि रोलेटच. आमचा छेदच कच्चा आहे, हे आज कळलं. जनगणनेनंतर ब्युरो स्वतःच पडताळणी करतं, त्यात २०२० ला राखीव प्रदेशातले मूळनिवासी देशभर ५.६४ टक्क्यांनी कमी मोजले गेल्याचा अंदाज निघाला. तो देशपातळीचा आहे. सू काउंटीसाठी किती, असा वेगळा आकडा ते देत नाहीत. तेव्हा तोच टक्का उचलून इथे चिकटवायचा मोह आवरला. पण ज्यांना आधी कमी मोजलं त्यांच्या भागाकारात मतदानाची टक्केवारी फुगून दिसणार, हे टिपेत घालायचं.

कोर्टातही हेच आकडे जातात. गेल्या नोव्हेंबरात न्यायाधीश पीटर वेल्टी यांनी विधिमंडळाचा मतदारसंघ-नकाशा मताधिकार कायद्याविरुद्ध ठरवला, आणि जानेवारीत टर्टल माउंटन आणि स्पिरिट लेक हे दोन्ही राखीव प्रदेश एकाच मतदारसंघात, नवव्यात, आले. आमच्या वर्गातला नकाशा आणि त्या खटल्यातला नकाशा, कच्चा माल एकच.

२७ ऑक्टोबर

मॅकेन्झी काउंटी. २०१० ला ६,३६०, २०२० ला १४,७०४. देशातली सर्वाधिक वेगाने वाढलेली काउंटी, १३१ टक्के. बाकन खडकातलं तेल. शेजारची विल्यम्स २२,३९८ वरून ४०,९५०. कामगार टेक्सास, लुइझियाना, कुठून कुठून आले, कंटेनरच्या छावण्यांत राहिले, भाव पडला की गेले. ३० दिवस राहिलेला इथे मत देऊ शकतो, पण त्याचं घर कुठे? मुकादमाबरोबर उसाला गेलेल्या टोळीचं गाव कुठलं, असा हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडेही कारखान्याच्या फडावर सापडत नाही. नोंद थोडक्यात : आकडा आहे तसा ठेवला.

२ नोव्हेंबर

रंगाचा नकाशा रद्द. काउंटीभर रंग ओतला की पश्चिमेकडची ओसाड कुरणं अंगावर येतात आणि फार्गो कोपऱ्यात चिमटीएवढं उरतं. मतं गवत देत नाही. ठिपके लावले, एक ठिपका ५०० पात्र मतदार. मग स्लोपला एकच ठिपका. पार्टनरने तो अॅमिडॉनवर न ठेवता मुद्दाम कुरणाच्या मधोमध ठेवला, म्हणाला, तिथे कुणी ना कुणी गुरांमागे असणारच.

तिरप्या रेघा राहिल्या. शीर्षकात ‘अंदाजे’ टाकायचं की नाही यावर पाऊण तास. टाकलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मतदानाचा दिवस. पार्टनरचं मत केव्हाच पोस्टाने गेलंय. मी शेजारणीबरोबर केंद्रावर गेले, ती आत, मी बाहेरच्या खुर्चीवर. तिला टेबलापाशी एक मिनिटही लागला नाही. ओळखपत्र दाखवलं, बाईंनी स्क्रीनवर बघितलं, कागद दिला. ना बोटाला शाई, ना पोलिंग एजंटांचा गलका. जरा चुकल्यासारखं वाटलं.

१४ नोव्हेंबर

सादरीकरण झालं. पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच : “राज्याचा एक नेमका आकडा सांगा.” आम्ही आकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मर्यादा सांगितली. “एकच सांगा.” पार्टनर म्हणाला, स्लोपपुरता सांगतो, एक ठिपका. वर्ग हसला. गुण बरे मिळाले. एन्कोडिंगची आणि तेरा ओळींची हकीकत पुढच्या तुकडीसाठी लिहून ठेवायला सांगितलंय.

उरलेलं काम : कैद्यांच्या वजाबाकीचा कोड नीट करणे, विद्यार्थ्यांची टीप इंग्रजीत सुधारणे, लमूर पुन्हा एकदा तपासणे.

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रकल्प संपला, पण ही नोंद इथेच करते.

येत्या २० तारखेला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. आई चार दिवस मतदार चिठ्ठ्या वाटत फिरतेय. ज्या वाटल्या गेल्या नाहीत त्यांची वेगळी यादी करून द्यावी लागते : गैरहजर, स्थलांतरित, मयत. केंद्राध्यक्षाकडे ती असते, त्यातलं कुणी आलं तर जास्त बारकाईने तपासतात.

रात्री फोन आला, तिकडे सकाळ. घोट-घोट चहा पीत बोलत होती, मागे कुकरची शिट्टी.

“एक चिठ्ठी माझ्याकडेच उरलीय,” म्हणाली. “तुझी.”

“मग?”

“मग काय, कारण लिहायला लागतं. गैरहजर लिहू का स्थलांतरित?”

मी विचारलं, नियम काय आहे. ती म्हणाली, नियम मला पाठ आहे गं, मी तुला विचारतेय. परत येणार असलं तर गैरहजर.

मी लगेच उत्तर दिलं नाही. तिने विचारलं, ऐकू येतंय ना. मी म्हटलं, गैरहजर लिही.

“पेनानं लिहू?”

“पेनानं.”